बातमीतलं दुसरं वाक्य

धुण्याचा सोडा संपला म्हणून आईनं मला पाटावरून घरी पिटाळलं, आणि पुढचं सगळं त्या सोड्यापायी झालं.

चैत्राचे दिवस होते. आमच्या खडकवस्तीची जत्रा आठ दिवसांवर आली होती. जत्रेला पाहुणे येणार, पाहुण्यांना अंथरूण-पांघरूण लागणार, म्हणून त्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा धुऊन वाळवून ठेवायच्या, असा आमच्याकडचा दरसालचा नेम. पाटाला पाणी सुटलं की त्या दिवशी गावातली एक बाई घरी सापडायची नाही. आई, शेजारची भागीमावशी, तिच्या सुना, सगळ्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून वाकळा बडवत होत्या. मी चौथीत होते आणि रविवारची सुट्टी असल्यामुळे पिळे धरायला मला नेलं होतं. खरं तर मला तिथं अजिबात राहायचं नव्हतं. भिजलेली वाकळ उचलायची म्हणजे काय असतं, ते उचललेल्यालाच ठाऊक.

तर मी पळत घरी आले. दाराला कडी नव्हती. तात्या, म्हणजे माझे वडील, त्या वेळी गिरणीत असायचे, पण आज ते घरात होते. माजघरातली ट्रंक ओट्यावर आणून ठेवलेली होती आणि बाजेवर, उन्हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गुलाबी फेटा पसरलेला होता. कोरा करकरीत. कडेला बारीक जर. डांबरगोळ्यांचा वास ओट्याच्या पायरीपर्यंत येत होता. तात्या बाजेच्या कडेला बसून त्यावरून हळूहळू हात फिरवत होते. गिरणीवाल्याच्या हाताला पीठ असतंच, म्हणून त्यांनी आधी हात धुतले होते. बोटांच्या पेरातून पाणी अजून टपकत होतं.

मी विचारलं, कुणाचा फेटा? तात्या दचकले. मग म्हणाले, "आप्पांचा हाय. हात लावू नगंस." आणि त्यांनी तो घडी करायला घेतला.

आप्पा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्या दिली होती पिंपळओढ्याला, आमच्या गावापासून चढाच्या रस्त्यानं नऊ किलोमीटर. तिला जयमाला नावाची माझ्याच वयाची मुलगी होती. पाच वर्षांची असताना मी आणि जयू एकाच ताटात जेवायचो, एवढं मला आठवत होतं. मग आत्या आमच्याकडे यायचीच बंद झाली. का, ते मुलांना कुणी सांगत नव्हतं. जत्रेला सगळ्यांच्या आत्या यायच्या. माझी यायची नाही. शाळेत बेबी शेलार मुद्दाम विचारायची, तुझी आत्या कुठाय गं? मी सांगायचे, तिला ताप आलाय. सलग तीन वर्षं जत्रेच्याच दिवशी ताप येणारी आत्या माझीच एकटीची होती.

त्यामुळे तो फेटा बघून मी काय समजायचं ते समजले. फेटा आणलाय म्हणजे आप्पा येणार. आप्पा येणार म्हणजे आत्या येणार. आत्या येणार म्हणजे जयू येणार. सोड्याची पुडी घेऊन मी पाटावर पोचले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. राहिलेल्या वाकळा मी आपणहून पिळू लागले, तेव्हा आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता इथं आमच्या शाळेबद्दल थोडं सांगायला पाहिजे. दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. तिसरी-चौथीला पोतनीस बाई होत्या. त्या तालुक्याहून सातच्या एस.टी.नं यायच्या. बाईंनी शाळेच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून एक फळा लावला होता. त्याला सगळे बातमीफळा म्हणायचे. रोज परिपाठाला एका मुलानं गावची बातमी त्यावर लिहायची. बाईंचे नियम दोनच. पहिला, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, ऐकीव नको. दुसरा, बातमी चुकली तर ती पुसायची नाही. खाली दुरुस्ती लिहायची, तीही ज्यानं चूक केली त्यानंच.

एस.टी.चा थांबा शाळेसमोरच होता, त्यामुळे अख्खं गाव तो फळा वाचायचं. 'तुकाराम शेलार यांच्या म्हशीला पहाटे रेडी झाली, दोघी बऱ्या आहेत.' 'देवळामागच्या पळसाला फुले आली.' 'इयत्ता पहिलीच्या संजूचा दात पडला, तो त्याने गिळला.' असल्या बातम्या असत. एकदा कुणीतरी लिहिलं, 'सदू चौगुले काल दुपारी तीन वाजता पारावर झोपले होते.' सदूकाका बायकोला तालुक्याला जातो म्हणून सांगून घरातून निघाले होते. ते बाईंशी भांडायला आले. बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, झोपला होतात की नाही? सदूकाकांनी काढता पाय घेतला.

आणखी एक गंमत होती. पिंपळओढ्याच्या शाळेतल्या बाई आणि आमच्या बाई ट्रेनिंग कॉलेजातल्या मैत्रिणी. दोघींनी ठरवून टाकलं होतं की दोन्ही शाळांनी एकमेकींना बातम्या पाठवायच्या. सोमवारी आमचा कागद अकराच्या गाडीनं कंडक्टरच्या हाती वर जायचा आणि मंगळवारी सकाळी त्यांच्या परिपाठात वाचला जायचा. त्यांचा कागद मंगळवारी नऊच्या खाली येणाऱ्या गाडीनं आमच्याकडे यायचा. आत्या येत नव्हती, तरी तिच्या गावची बातमी मला दर मंगळवारी कळायची. तिकडच्या कुणाच्या गाईनं कुणाला ढुशी दिली, हे सगळं मी कान टवकारून ऐकायचे. जयमालाचं नाव मात्र त्या कागदात कधी यायचं नाही.

सोमवारी फळ्यावर माझी पाळी होती. मी चांगलं वळणदार अक्षर काढून लिहिलं: 'आमच्या घरी पिंपळओढ्याच्या आप्पांसाठी गुलाबी फेटा आणला आहे. जत्रेला आत्या, आप्पा आणि मुले आमच्याकडे येणार आहेत.'

बाई म्हणाल्या, पाहिलंस? मी म्हटलं, हो बाई, मी स्वतः पाहिला फेटा. पहिल्या वाक्याच्या आडोशाला दुसरं वाक्य बिनबोभाट निघून गेलं. बाईंनी ते तसंच कागदावर उतरवलं आणि अकराच्या गाडीनं कागद वर गेला.

शाळा सुटून मी घरी आले तर आई चुलीपाशी बसून राहिली होती आणि तवा रिकामाच तापत होता. भागीमावशीनं फळा वाचला होता. भागीमावशीनं वाचलं म्हणजे गावात दवंडी पिटायची गरज उरत नसे. मला वाटलं होतं आई खूश होईल. तिनं मला समोर बसवलं.

"शैले, तुला कुणी सांगितलं आत्या येणार म्हणून?"

मी फेट्याचं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "चार वर्सं झाली त्या फेट्याला. दरसाल ऊन दाखवत्यात आन परत ट्रंकंत घालत्यात."

मग ती बोलत गेली आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं ऐकलं. चार वर्षांपूर्वी तात्यांनी गिरणी टाकली. गिरणीचा नारळ फोडायचा दिवस. मांडव घातला होता, पुरणाचा स्वयंपाक होता, मानाच्या माणसांना बांधायला अकरा फेटे आणले होते. आणि ऐन वेळेला इंजन चालू होईना. आप्पांना इंजनातलं कळायचं. ते सदरा काढून आत घुसले आणि दोन तास तेलात-काजळीत लोळले. इकडे मांडवात फेटे बांधायला सुरुवात झाली. त्यात वाट चुकल्यासारखे ग्रामसेवक उपटले. आलेल्या सरकारी माणसाला कसं वगळायचं? अकरावा फेटा त्यांच्या डोक्यावर गेला. इंजन सुरू झालं, टाळ्या पडल्या, आणि आप्पा काळेकुट्ट हात पुसत बाहेर आले तेव्हा घरचा जावई तेवढा बोडका होता.

आप्पा हसले. म्हणाले, बरंच झालं, माझ्या डोक्याला तेल लागलंय, फेटा खराब झाला असता. विषय तिथंच संपायचा. पण आत्याला ते लागलं. ती भर मांडवात भावाला म्हणाली, "दिनू, ज्यानं तुझं इंजन चालू केलं, त्याचंच डोकं मोकळं?" तात्या चुकले होते आणि त्यांना ते कळलंही होतं. पण गावादेखत कान धरले गेले म्हणून ते उलटे तापले. म्हणाले, "आक्का, मांडवात तमाशा नगं." आत्या ताटावर बसलेली उठली आणि पोरांना घेऊन चालत निघाली. आप्पा मागोमाग.

आई म्हणाली, दुसऱ्या दिवशी बाजार होता. हे सकाळीच गेले आन सगळ्यांत भारी फेटा घेऊन आले. म्हणाले, उद्या नेऊन बांधतो. त्यो उद्या काय उजाडला न्हाय.

आणि सगळ्यात वाईट ते पुढं होतं. आत्यानं तात्यांना लहानपणी वाढवलं होतं. माझी आजी तात्या तीन वर्षांचे असताना गेली, आत्या तेव्हा अकराची. तिनं त्यांना कडेवर घेऊन शेण-पाणी केलं. म्हणून तर दोघंही हटून बसले होते. परक्या माणसाची माफी मागता येते. तात्या म्हणायचे, थोरली हाय, तिनं एकदा हसून यावं. आत्यानं म्हणे कुणाकडं निरोप दिला होता, बोलवायला ये, मग बघीन.

उद्या सकाळी पिंपळओढ्याच्या शाळेत, सगळ्या पोरांदेखत, जयूपुढं माझी बातमी वाचली जाणार. जयू घरी पळत जाऊन सांगणार. आणि आत्याला न बोलावता कळणार की तिनं येणार म्हणून कबूल केलंय. चार वर्षं बोलावणं नाही, आणि आता परस्पर फळ्यावर नाव. त्याहून वाईट म्हणजे बाईंच्या नियमानं मला उद्या दुरुस्ती लिहावी लागणार. आत्या येणार नाही. ती दुरुस्तीही कागदावर उतरून वर जाणार. म्हणजे एकदा फेटा राहिला म्हणून अपमान आणि आता आमंत्रण देऊन काढून घेतलं म्हणून दुसरा. तोही माझ्या वळणदार अक्षरात.

मी थांब्यावर पळत गेले. गाडी कधीच गेली होती. बाईही खालच्या गाडीनं तालुक्याला गेल्या होत्या. शाळेला कुलूप होतं आणि ओट्यावर माझी बातमी ऊन खात होती. दोन माणसं ती वाचत उभी होती. त्यातल्या एकानं मला म्हटलं, बरं झालं गं पोरी. मी रडायच्या बेतात होते.

मग मी गिरणीत गेले. दुसरं कुठं जाणार?

गिरणी चालू होती. जत्रेच्या तोंडावर दळणं भरपूर असायची. दारात डब्यांची ओळ आणि डब्यांशेजारी भागीमावशी. ती इंजनाच्या वरताण ओरडून तात्यांना सांगत होती की आक्का येणार हे फार चांगलं झालं, आता दोन दिवस जास्त ठेवून घे तिला. तात्या पाळ्यात गहू ओतत होते. गिरणीवाल्याचं एक बरं असतं. ज्याला उत्तर द्यायचं नाही, ते ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. पण त्यांचे पिठानं पांढरे झालेले कान खालून लाल झाले होते, ते मला दिसलं.

मी जवळ जाऊन म्हटलं, तात्या, माझी चूक झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि भरल्या पाळ्यानिशी इंजन बंद केलं. भागीमावशीला म्हणाले, पट्टा घसरतोय, तासाभरानं ये. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. ती गेल्यावर ते पोत्यावर बसले.

"काय ल्हिलंस ते शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. कवितेसारखं पाठच झालं होतं.

"पयलं वाक्य खरं हाय," तात्या म्हणाले. "दुसरं कुठं बघितलंस?"

"नाही बघितलं."

"मंग ल्हिलंस कशाला?"

मी पुष्कळ कारणं जुळवत आले होते, पण त्यांच्यासमोर त्यातलं एकही सापडेना. "मला जयू यायला पायजे होती," एवढंच मी म्हटलं आणि मग मला रडू फुटलं.

तात्या मला जवळ घेतील असं वाटलं होतं, पण ते घेणारे नव्हते. एक चापट मारतील असंही वाटलं होतं. तीही त्यांनी मारली नाही. ते गुडघ्यावरचं पीठ झटकत राहिले. मी इतकी घाबरले की त्यापेक्षा चापट बरी वाटली असती. मग त्यांनी विचारलं, "तिकडं कधी वाचत्यात ती बातमी?"

"उद्या. प्रार्थना झाली की."

"म्हंजी किती वाजता?"

"सव्वासात."

"बरं. जा घरी. तोंड धू."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तात्या घरात नव्हते. सायकलही नव्हती. आई म्हणाली, अंधारात गेलेत, पट्ट्याचं काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, आज माझं तोंड पाहायला नको म्हणून गेले असतील. मी न खाता शाळेत गेले.

बाई गाडीतून उतरल्या तशी मी त्यांच्यापुढं उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. फेटा, मांडव, आत्या, ताप, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, बाई, ती बातमी पुसू का? कुणालाच कळणार नाही. बाई म्हणाल्या, ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यातून कशी पुसशील? त्यांनी माझ्या हातात खडू दिला. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी लिहिलं: 'दुरुस्ती. कालच्या बातमीतले दुसरे वाक्य मी पाहिलेले नव्हते. ते चुकीचे आहे. शैला.' माझं एवढं वाईट अक्षर आजवर आलं नव्हतं. परिपाठात सगळ्या पोरांपुढे ते वाचूनही दाखवलं. बेबी शेलार हसली. बाईंनी तिला पाढे म्हणायला उभं केलं, तेवढंच जरा बरं वाटलं. पण दुरुस्तीचा कागद अकराच्या गाडीनं वर जायचा होता, आणि तो बाईंच्या टेबलावर डस्टरखाली ठेवलेला मला सारखा दिसत होता. तास भूगोलाचा होता. बाईंनी त्या दिवशी कोणत्या नद्या शिकवल्या, देव जाणे.

नऊच्या सुमाराला खाली जाणारी गाडी आली. कंडक्टरनं नेहमीसारखा खिडकीतून हात बाहेर काढून पिंपळओढ्याचा कागद बाईंना दिला. बाईंनी तो उघडला, उभ्या उभ्या वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "शैला, पुढं ये. ही तुझी आहे."

कागद जयमालाच्या अक्षरात होता. बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: 'पिंपळओढा, मंगळवार. आज सकाळी सव्वासहा वाजता माझे मामा खडकवस्तीहून सायकलवर आमच्या घरी आले. तेव्हा बाबा दाढी करत होते. त्यांच्या एका गालाला साबण होता. मामांनी साबणासकट बाबांना फेटा बांधला. फेटा गुलाबी आहे. बाबा म्हणाले, आता आरशात बघू का नको? मामांनी आईला जत्रेचे आमंत्रण दिले. आम्ही चौघे शनिवारी खडकवस्तीला जाणार. त्यानंतर मी शाळेत आले तेव्हा खडकवस्तीची बातमी वाचली. ती बरोबर आहे.'

वर्गात सगळे ओरडले. मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असावं. माझ्या बातमीच्या पुढं तात्या एक तास धावले होते. म्हणजे सायकल हाणली होती, त्या चढाला, अंधारात, फेटा पिशवीत घालून. बातमी तिकडे वाचली गेली तेव्हा ती खरी झालेली होती.

बाई आणखी काही वाचायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी कागदाचं खालचं टोक वर दुमडलं. म्हणाल्या, खाली शाई सांडलीय, वाचता येत नाही. आणि कागद पर्समध्ये ठेवून दिला.

मग त्यांनी मला पुन्हा खडू दिला. पुसायचं नाही, हा नियम होताच. मी दुरुस्तीच्या खाली लिहिलं: 'दुरुस्तीची दुरुस्ती. दुसरे वाक्य आज सकाळपासून खरे आहे.' थांब्यावरच्या माणसांच्या त्या दिवशी तळापर्यंत वाचताना दोन गाड्या चुकल्या असतील.

दुपारी तात्या गिरणीत होते. मी धावत गेले आणि दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "तिकडचा कागद आला?"

"आला."

"कुणी ल्हिलेला?"

"जयूनं."

"बाईंनी वाचला का सगळ्यांम्होरं?"

"हो."

"सगळा?"

"सगळा," मी म्हटलं. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढचे दोन दिवस तात्या विचित्र वागत होते. दळण असो नसो, इंजन चालूच. कुणी दळण घेऊन आलं की ते पाठ करून उभे. पारावर गेले नाहीत, पानाच्या टपरीवर गेले नाहीत. भागीमावशी तोंड उघडायला लागली की हे पाळ्यात डोकं घालायचे. गावात त्यांचं सगळे कौतुकच करत होते, आणि ते चोरासारखे फिरत होते. मला काही उलगडा होईना. आईनं विचारलं तर म्हणाले, काय न्हाय, जरा कणकण हाय. आमच्या घराण्यात अडचणीला ताप येतोच. तिसऱ्या दिवशी, कुणीही काहीही चिडवलं नाही हे बघून, ते हळूच पारावर गेले.

शनिवारी आत्या आली. उतरल्या उतरल्या तिनं तात्यांना विचारलं की इतका का वाळलास, आणि आईला विचारलं की याला जेवायला घालत नाहीस काय. आप्पांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता. तो त्यांनी छबिन्यात, कुस्त्यांच्या फडात, जेवताना, एकदा तर अंघोळीला जाईपर्यंत काढला नाही. मग गिरणीत जाऊन इंजनाचा आवाज ऐकला, याचं पोट बिघडलंय म्हणाले, आणि फेटा तसाच डोक्यावर ठेवून आत घुसले. आमच्या धुतलेल्या वाकळांवर मी आणि जयू एकाच पांघरुणात झोपलो. तिचे पाय फार गार असायचे. बेबी शेलारला मी जयू तीनदा दाखवून आले.

नंतर दरसालच आत्या जत्रेला येत राहिली. पोतनीस बाईंची त्याच वर्षी बदली झाली. मी पुढं शिकले आणि मीही प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. माझ्या शाळेतही रस्त्याकडे तोंड करून एक फळा आहे. नियम तेच दोन.

गेल्या वर्षी चैत्रातच मी बाईंना भेटायला गेले. आता त्या फार थकल्या आहेत, पण नजर तीच. बोलता बोलता त्या उठल्या आणि कपाटातून एक पातळ पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "नोकरीत मी मुलांपुढं एकदाच खोटं बोलले. तुझ्या वडिलांना दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरणी चालवायची होती ना, म्हणून."

पाकिटात जयमालाचा कागद होता. पिवळा पडलेला. खालचं टोक अजून दुमडलेलंच होतं. मी ते उलगडलं. शाई कुठंही सांडलेली नव्हती. चौथीतल्या पोरीच्या स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात तिथं लिहिलं होतं:

'फेटा बांधून झाल्यावर मामा आईच्या पाया पडले आणि रडायला लागले. ते लहान मुलासारखे खूप रडले. आईने पदराने त्यांचे नाक पुसले. हे मी डोळ्यांनी पाहिले.'